मुतखडा गावोगावी: दोष पाण्याचा, की पाणीच कमी पडते?

मे महिन्यात कोणत्याही गावच्या पानठेल्यावर दहा मिनिटं उभे राहा. कापसाचा भाव, कर्जमाफी, पावसाचा अंदाज एवढं झालं की चौथा विषय मुतखड्याचा निघतो. कोणाच्या तरी खिशातून घडी केलेला सोनोग्राफीचा कागद बाहेर येतो. "सात एमएमचा निघाला." दुसरा म्हणतो, "माझा तर नऊचा होता." मग तिसरा, जो अजून दुखला नाही, तो निकाल देऊन टाकतो, "आपल्या गावचं पाणीच खराब हाये ना भाऊ, खडा होते नाही तर काय होते?"

हा निकाल मीही बरीच वर्षं मानत होतो. २०२१ च्या उन्हाळ्यात मला स्वतःला पहाटे तीन वाजता कळ आली आणि बाजेवरून खाली लोळलो, तेव्हाही पहिली शिवी मी बोअरच्या पाण्यालाच दिली. नंतर डॉक्टरांना विचारत गेलो, बातमीच्या कामानं पाण्याच्या तपासणीचे कागद पाहत गेलो, तेव्हा लक्षात आलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरून ठेवल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय इलाजही नीट होत नाही आणि ग्रामसभेत मागणीही नीट करता येत नाही. म्हणून हा लेख.

खडा होतो कसा?

मूत्रपिंड म्हणजे किडनी. ती रक्त गाळते आणि नको असलेले क्षार लघवीत सोडते. लघवी भरपूर असली की क्षार विरघळून निघून जातात. लघवी कमी आणि घट्ट झाली की ते खाली बसतात. पाण्यात मीठ टाकत गेलो की एका वेळेनंतर ते विरघळत नाही, तळाशी साचतं, तसंच हे. एक बारीक कण चिकटला की त्यावर थरावर थर चढतात.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक ॲसिडचे असतात. काही वारंवार होणाऱ्या लघवीच्या जंतुसंसर्गामुळे होतात. खडा किडनीत गप बसला असेल तर बहुतेक वेळा कळतही नाही. तो मूत्रनलिकेत उतरून अडकला की मग कमरेच्या बाजूतून जांघेपर्यंत कळ येते, उलटी होते, कधी लघवी लाल होते.

ज्याला एकदा खडा झाला, त्यातल्या जवळपास निम्म्यांना पाच-दहा वर्षांत परत होतो. म्हणजे "काढून टाकला, संपलं" असा हा रोग नाही.

गुंडातला पांढरा थर आणि पोटातला खडा

आपल्या भागात बोअरचं पाणी जड. गुंडाला, हीटरच्या कॉइलला, स्वयंपाकघरातल्या भांड्यांना पांढरा थर चढतो. तो पाहून माणूस म्हणतो, भांड्याचं असं होते तर किडनीचं काय होत असेल!

पण भांड्यावरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पोटातला खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा. दोन्हींत कॅल्शियम असलं तरी होण्याची तऱ्हा वेगळी. जड पाण्यातून कॅल्शियम जास्त येतं हे खरं, पण तेच कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. म्हणून जड पाण्यानेच मुतखडा होतो असं जगभरच्या अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मात्र कोणतंही पाणी कमी प्यायलं आणि घाम जास्त गेला तर खडा होतो, याबद्दल डॉक्टरांत दुमत नाही.

मग आपलं पाणी चांगलं आहे का? नाही. इथेच दुसरी गोष्ट वेगळी करायची आहे.

केळापूर, झरी जामणीसह आपल्या जिल्ह्याच्या अनेक भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, वय वाढलं की मान, कंबर, गुडघे आखडतात. हा फ्लोरोसिस, मुतखडा नव्हे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होतं. त्यासाठी आरओ लागतो किंवा तुरटी-चुन्याची पद्धत. ही पद्धत आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेनेच काढली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात.

तिकडे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणी इतकं खारं की तोंडात धरवत नाही. तिथले लोक किडनीच्या आजाराबद्दल वर्षानुवर्षं ओरडत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख ६९ गावांच्या पाणीयोजनेवरची स्थगिती उठवा म्हणून खारं पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले होते. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी त्यांना अडवलं. आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम भागातही गावंच्या गावं किडनी निकामी होण्याच्या आजाराने पछाडली आहेत. तिथे उष्णता, शेतीची औषधं, पाणी अशा कारणांवर बरीच वर्षं तपास झाला, तरी एका कारणावर बोट ठेवता आलेलं नाही.

हे सांगायचं कारण एवढंच. किडनी हळूहळू निकामी होणं वेगळं, फ्लोरोसिस वेगळा, मुतखडा वेगळा. तिन्हींची तपासणी वेगळी, इलाज वेगळा. "पाणी खराब" एवढ्या दोन शब्दांत तिन्ही कोंबले की अधिकारीही "तपासून घेऊ" एवढ्या दोन शब्दांत सुटून जातो.

आरओची कॅन घेतली म्हणजे झालं का?

आता बहुतेक मोठ्या गावांत आरओची मशीन बसली आहे. वीस लिटरची कॅन घरपोच येते. फ्लोराईडच्या गावात हे पाणी घेणं शहाणपणाचं आहे. पण पाहा काय होतं. कॅन विकत घेतलेली, म्हणून पाणी जपून प्यायचं. पाहुण्यांना द्यायचं, पोरांना द्यायचं, आणि घरातली बाई म्हणते मला बोअरचं चालते. वावरात तर ती कॅन जातच नाही. म्हणजे पैसे पाण्याच्या दर्ज्यावर गेले आणि पोटात पाणी तेवढंच राहिलं, कदाचित कमीच झालं. मुतखड्याच्या हिशेबात हा व्यवहार तोट्याचा आहे.

दिवसभराचा हिशेब करून पाहा

मी माझ्याच एका दिवसाचा हिशेब केला होता. सकाळी उठून चहा. सातला वावरात. सोबत दोन लिटरची बॉटल, ती दहापर्यंत गरम. तोंडात खर्रा, आणि खर्रा असला की माणूस तासभर पाणी पीत नाही. दुपारी भाकर, ठेचा, वर दोन घोट पाणी. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तांब्यावर तांब्या. मोजलं तर दीड-पावणेदोन लिटर भरलं. त्यातलं किती घामात गेलं ते बनियनला विचारा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात लघवीला उरलं किती? दिवसातून दोनदा, तीही गडद पिवळी.

फवारणीच्या दिवसांत तर आणखी वाईट. हाताला औषध लागलेलं असतं, म्हणून माणूस पाण्याला हातच लावत नाही. २०१७ ची विषबाधा या जिल्ह्याने पाहिली आहे, त्यामुळे ही भीती योग्यच आहे. पण त्यावर उतारा साबणाने हात-तोंड धुऊन, बाजूला जाऊन पाणी पिण्याचा आहे. दिवसभर तहान मारायची नाही.

बायकांचं दुखणं वेगळंच. निंदायला, वेचायला दहा-पंधरा बाया एका वावरात. आडोसा नाही. सकाळी निघतानाच ठरवून पाणी कमी प्यायचं, म्हणजे मधात उठावं लागणार नाही. लघवी तासन् तास रोखून धरायची. त्यातून जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, वारंवार झाला तर त्याचाही खडा बनतो. एकूण मुतखडा पुरुषांत जास्त दिसतो, पण बाईचं दुखणं "पोटात दुखून राह्यलं" एवढ्यावरच घरात थांबतं, सोनोग्राफीपर्यंत पोचत नाही, हेही खरं.

डॉक्टर सांगतात ते साधं आहे. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. सावलीत बसणाऱ्याला त्यासाठी तीनेक लिटर पाणी पुरेल. उन्हात राबणाऱ्याला चार-पाच लिटरही लागू शकतं. मोजायला यंत्र नको. लघवी पाण्यासारखी किंवा फिक्कट पिवळी असली तर बरोबर, हळदीसारखी दिसली तर पाणी कमी. रात्री झोपताना एक गिलास, मधात उठलात तर पुन्हा अर्धा. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नये.

कळ आली तर काय करायचं?

खडा साधारण ५ एमएमपेक्षा लहान असेल तर बहुतेक वेळा आपोआप पडतो. ५ ते १० च्या मधला पडेलच असं नाही, डॉक्टर गोळ्या देऊन काही आठवडे वाट पाहतात. त्याहून मोठा असेल तर बहुधा काढावाच लागतो.

गावात काय होतं? कळ आली की एक इंजेक्शन, एक सलाईन. कळ थांबली, माणूस वावरात. महिन्याने पुन्हा तेच. दुखणं थांबवायला इंजेक्शन देणं चूक नाही. पण तपासणी न करता पुन्हा पुन्हा दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शनं घेत राहिलं, तेही अंगात पाणी कमी असताना, तर किडनीलाच मार बसतो.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट ऐका. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसतं. खडा नळीत अडकून बसतो, किडनी फुगते, आणि काही दिवसांनी दुखणंच बंद होतं. माणूस खुश. आत किडनी मात्र हळूहळू निकामी होत असते. म्हणून खडा पडलेला डोळ्याने दिसला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी परत करा. नळीतला खडा सोनोग्राफीत कधी कधी दिसत नाही, तेव्हा सीटी स्कॅन सांगितला तर डॉक्टर लुटतो आहे असं लगेच समजू नका.

लघवी चहाच्या गाळणीतून करा. खडा सापडला तर फेकू नका, डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. युरिक ॲसिडचा निघाला तर तसे खडे गोळ्यांनी विरघळवता येतात. कोणता खडा आहे हे कळलं की पुढचं पथ्य ठरवता येतं.

एक मिनिटही घरी थांबू नये अशा वेळा अशा: दुखण्यासोबत थंडी वाजून ताप, लघवी बंद होणं, उलट्या थांबत नसणं, एकच किडनी असणं, बाई गरोदर असणं. ताप आणि अडकलेला खडा एकत्र आले तर जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन लावा.

'नळी' विसरू नका

खडा काढायच्या तऱ्हा आता बऱ्याच आहेत. बाहेरून लहरींचे धक्के देऊन फोडणे, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून फोडणे, मोठा असेल तर पाठीतून छोटं छिद्र पाडून काढणे. पोट फाडायची वेळ आता क्वचितच येते.

यात बऱ्याच वेळा किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांत काढायची असते. आमच्या नात्यातल्या एका बाईला ऑपरेशननंतर ही नळी टाकली होती. सुटीच्या कागदावर ते इंग्रजीत लिहिलं होतं. तोंडी कोणी समजावून सांगितलं असेल-नसेल, घरच्यांना कळलं नाही. चौदा महिने ती बाई कमरेत दुखतं, लघवीला जळतं म्हणून गोळ्या खात राहिली. शेवटी एक्स-रेत नळी दिसली, तिच्यावरच खडे जमले होते. एकाच्या जागी दोन ऑपरेशनं, वेचणीचा अख्खा हंगाम आणि दोन तोळ्यांची पोत गेली.

म्हणून सुटी घेताना एकच प्रश्न विचारा: "आत नळी ठेवली काय? कोणत्या तारखेला काढायची?" ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

पैशाचं काय?

मुतखड्याच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. २०२३ मध्ये शासनाने ही योजना सगळ्या रेशनकार्डांसाठी खुली करण्याचा आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. भरती होण्याच्या आधी भेटा, बिल झाल्यावर नाही. नळी काढायचा खर्च यात धरला आहे काय, तेही तिथेच विचारून घ्या. टोल फ्री नंबर १५५३८८.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत, उपचार मोफत आहेत. यवतमाळचं मोठं शासकीय रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचं असल्याने वेगळ्या विभागात मोडतं, तिथे शासकीय दराने केसपेपर, तपासणीचे पैसे लागू शकतात.

कुळथी, बिअर आणि तोंडाने खडा ओढणारे

कुळथीचं कढण प्या, वाईट नाही. पातळ पदार्थ पोटात जातो हाच मोठा फायदा. पानफुटीची पानंही लोक खातात. पण नऊ एमएमचा अडकलेला खडा पानाने विरघळेल या भरवशावर सहा महिने काढू नका.

बिअरने लघवी जास्त होते, पण नंतर अंग कोरडं पडतं आणि युरिक ॲसिडही वाढतं. खडा पाडायच्या नावाखाली बाटली सुरू झाली की खडा पडतो की नाही माहीत नाही, घर मात्र पडतं.

आणि पोटाला तोंड लावून खडा "ओढून काढणारे" भेटतात. किडनी आणि त्यांच्या तोंडाच्या मधात कातडी आहे, मांस आहे. खडा तिथून येतच नाही, तो आधीच त्यांच्या तोंडात असतो. खात्री करायची असेल तर ओढल्यानंतर सोनोग्राफी करा, आतला खडा आतच दिसेल.

खाण्यात काय बदलायचं?

दूध-दही बंद करू नका. कॅल्शियम तोडलं तर ऑक्झलेट मोकळं सुटून खडे वाढतात. जेवणासोबत ताक, दही चांगलं. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. कमी करायचं आहे ते मीठ. लोणचं, पापड, शेव-चिवडा, ठेच्यातलं वरचं मीठ. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. मटण-चिकन रोज नको. पालक, चाकवत, शेंगदाणे ऑक्झलेटचे, त्यांचा अतिरेक नको. टमाटरच्या बियांना लोक उगाच बदनाम करतात, बी तिथवर जातच नाही. निंबू चांगला, त्यातलं सायट्रेट खडा जमू देत नाही. दिवसाला दोन निंबू पाण्यात पिळा, मीठ-साखर जपून.

ग्रामसभेत काय मागायचं?

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे चूक आमचीच, आम्ही पाणी पीत नाही. तसं नाही. पाणी प्यायला पाणी हाताशी लागतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह आटले तेव्हा यवतमाळ शहराने काय भोगलं ते आपण पाहिलं. जिल्ह्याच्या गावाची ही गत, तर तांडे-पोडांची काय असेल? जलजीवन मिशन २०१९ मध्ये आलं. माणशी रोज ५५ लिटर, घरोघरी नळ, २०२४ ची मुदत. ती आता २०२८ पर्यंत वाढली आहे. तोवर किती उन्हाळे जातील ते मोजा.

म्हणून मागणी नेमकी करा. एक, गावच्या प्रत्येक पिण्याच्या स्रोताचा तपासणी अहवाल पंचायतीच्या फळ्यावर लावा. फ्लोराईड, नायट्रेट, टीडीएस, कठीणपणा, चारही आकडे. जलजीवनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं आहे, त्या पाच जणी कोण ते विचारा. दोन, रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी आणि सावली देणं कायद्यातच आहे, ते मिळते का ते पाहा. तीन, आपल्या स्वतःच्या वावरात मजूर लावताना पाण्याची गोष्ट आधी करा. हे तिसरं कोणत्याही साहेबाच्या सहीवाचून होतं.

मी यंदा धुऱ्यावरच्या निंबाखाली ओलं पोतं गुंडाळून एक रांजण ठेवला आहे. जुन्या तट्ट्याचा आडोसाही केला. खर्च हजाराच्या आतला. पहिले दोन दिवस बाया हसल्या. आठवड्याने त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "भाऊ, दुसरा रांजण कवा आणता?"